किक बॅक की किकबॅक? मधली मोकळी जागा जपा

नोकरीला लागून चार महिने झाले होते. मराठी माध्यमातून आल्यामुळे ऑफिसातलं बरंचसं इंग्रजी मी कानांनीच शिकत होते. अमेरिकेतल्या क्लायंटसोबत शुक्रवारचा कॉल संपताना कोणीतरी हमखास 'किक बॅक' म्हणायचं. संदर्भावरून अर्थ लागला: कामं बाजूला ठेवून निवांत पाय पसरून बसणं. मला तो शब्द फार आवडला. एक मोठं रिलीज पार पडलं आणि मी क्लायंटला मेल लिहायला घेतला, "आवर टीम नीड्स अ किकबॅक आफ्टर धिस रिलीज."

नशिबाने पाठवायच्या आधी टीम लीड मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, तू त्यांच्याकडे पैसे मागतेयस."

जोडून लिहिलेलं 'किकबॅक' हे नाम आहे आणि त्याचा रुळलेला अर्थ आहे काम मिळवून दिल्याबद्दल गुपचूप परत दिलेला वाटा. आपल्याकडे ज्याला 'टक्केवारी' म्हणतात, तेच. अमेरिकेत तर १९३४ सालीच त्याविरुद्ध कोपलँड कायदा झाला. सरकारी पैशातून होणाऱ्या बांधकामांवर ठेकेदार मजुरांकडून पगाराचा काही भाग परत उकळत, ते थांबवण्यासाठी. व्यवहाराच्या मेलमध्ये हा शब्द दिसला की वाचणारा दचकणारच.

आरामाचा 'किक बॅक' हे क्रियापद आहे, दोन सुटे शब्द. काळ बदलला की प्रत्यय 'किक'ला लागतो: 'वी किक्ड बॅक ऑन संडे'. त्याच्याआधी 'अ' लावायचा नाही. माझी खरी चूक त्या 'अ'मध्येच होती, कारण त्यानेच क्रियापदाचं नाम झालं. स्पेलचेककडून इथे फारशी आशा ठेवू नका. दोन्ही रूपं शब्दकोशात आहेत.

ही चूक आपल्या हातून सहज होते, याचं एक कारण मला नंतर सुचलं. 'घरासमोर', 'कामानंतर' असं आपण शब्दयोगी अव्यय जोडून लिहितो, त्यामुळे हात आपोआप जोडत जातो. 'लॉग इन' आणि 'लॉगिन', 'बॅक अप' आणि 'बॅकअप' यांतही क्रियापद सुटं, नाम जोडलेलं. तिथे चुकलं तरी अर्थ शाबूत राहतो, इथे पार उलटतो.

अजून एक. आरामाचा 'किक बॅक' मुख्यतः अमेरिकी बोलण्यातला आहे. सहकाऱ्याला चॅटवर खुशाल लिहा. अहवालात, तक्रारीच्या उत्तरात किंवा नव्या क्लायंटला मात्र नको. तिथे 'रिलॅक्स' किंवा 'टेक अ ब्रेक' पुरतं.

मॅडमनी माझं वाक्य खोडलं नाही, मलाच पुन्हा लिहायला लावलं. शेवटी मेल गेला तो असा: "द टीम इज टेकिंग मंडे ऑफ." तासाभरात उत्तर आलं, "एन्जॉय! किक बॅक अँड रिलॅक्स." मधली मोकळी जागा मी आधी पाहिली.