भाड्याच्या घरात, भिंतीला खिळा न ठोकता आवाज कमी केला

कर्वे रोडला लागून फ्लॅट, त्यात घरमालकांची अट: भिंतीला हात लावायचा नाही. रात्री निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणतात. बुलेटवाल्यांना कोण सांगणार?

आवाज भिंतीतून कमी, फटींतून जास्त येतो. पंखा बंद करून स्लायडिंग खिडकीच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवली. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे धूर सरळ आत वळला. तिथली केसाळ पट्टी झिजून गेली होती. हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणून खाचेत सरकवली. चौकटीला, काच टेकते तिथे, चिकटणारी रबरी पट्टी लावली. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर पावसात पाणी घरात. दाराखाली दुहेरी फोमची पट्टी सरकवली, झालं.

भिंतीला लावायचे फोमचे चौकोन घेऊ नका. त्यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा अडत नाही.

हॉर्न आता बोथट ऐकू येतो. ट्रकची घरघर तेवढी राहिली; तिला जाड काचच लागते. घर सोडताना पट्टी हेअर ड्रायरने गरम करून काढायची, उरलेल्या चिकट्याला खोबरेल तेल.