ट्रकच्या इंजिन ऑइलमध्ये चमकी दिसली तर कारण कसं शोधावं

ऑइल बदलताना ट्रेमध्ये रुपेरी किंवा सोनेरी चमकी दिसली, की गॅरेजमध्ये दोनपैकी एक सल्ला लगेच मिळतो. "काही होत नाही, नवं ऑइल घाला आणि चालवा," नाहीतर "इंजिन गेलं, उतरवा." दोन्ही सल्ले बहुतेक वेळा फिल्टर न उघडताच दिलेले असतात. पहिला ऐकला तर पाचशे-हजार किलोमीटरवर क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) खाल्ला जाऊ शकतो. दुसरा ऐकला तर ज्या इंजिनाला फक्त टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं चक्र) हवा होता, ते सगळं खोललं जातं. ऑइल बदललं की चमकी जाते, पण ती कुठून आली हे तसंच राहतं. ते शोधायला एक दिवस पुरतो आणि फारशी हत्यारंही लागत नाहीत.

गोव्यात डिचोली, सांखळी, उसगाव, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यातल्या टिपरमालकांना (खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या मालकांना) हे जास्त उपयोगी पडेल. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा पडल्या, तेव्हा कितीतरी गाड्या पावसाळेच्या पावसाळे अंगणात उभ्या राहिल्या. उभ्या इंजिनात दमट हवेने लायनरवर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीवर) गंज धरतो. अशी गाडी नुसती बॅटरी लावून थेट कामाला जुंपली, तर तो गंज पिस्टनच्या रिंगांबरोबर घासत खाली ऑइलमध्ये येतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर ही तपासणी व्यवहाराआधीच करून घ्यावी.

आधी इंजिन बंद

चमकी दिसल्यावर "जरा आवाज ऐकू या" म्हणून पुन्हा स्टार्टर मारू नका. ऑइल इंजिनाच्या तळाच्या टाकीतून, म्हणजे चेंबरमधून, जाळीतून पंपात, तिथून फिल्टरमध्ये आणि मग बेअरिंगांकडे जातं. फिल्टर कणांनी तुंबला तर त्याचा बायपास व्हॉल्व्ह (ऑइलला फिल्टर टाळून जाऊ देणारी झडप) उघडतो, कारण ऑइलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं मिळालेलं बरं, असा इंजिन बनवणाऱ्याचा हिशेब असतो. म्हणजे एका बेअरिंगचा चुरा उरलेल्या सगळ्या बेअरिंगांना जाऊन ओरखडे पाडतो. अनमोड किंवा चोर्ला घाटात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तर फोंड्यापर्यंत कसंबसं पोचायचा मोह टाळा आणि गाडी टो करून आणा. टोचं बिल क्रँकच्या ग्राइंडिंगसाठी (घासून पुन्हा गुळगुळीत करण्यासाठी) इंजिन उतरवण्यापेक्षा सहसा कमी असतं.

ऑइल काढताना

ऑइल कोमट असावं. थंड झालं तर कण चेंबरच्या तळाशी बसून राहतात आणि उकळतं असेल तर हात भाजतो. ड्रेन नटाभोवतीची तांबडी माती आधी डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या. ही माती ऑइलमध्ये पडली तर पुढची सगळी तपासणी फसते. पावसाळ्यात हे काम छपराखालीच करा.

खाली पांढरा, स्वच्छ टब ठेवा. पहिली धार जाऊ द्या आणि मधल्या धारेतलं शंभरेक मिलिलीटर ऑइल कोरड्या बाटलीत धरा. औषधाच्या दुकानात लघवी तपासणीच्या सीलबंद डब्या मिळतात, त्या दोन घेतल्या तरी चालतात. घरातली फेणीची रिकामी बाटली नको. धुतली की तिच्यात पाण्याचा थेंब राहतोच, आणि मग ऑइलात पाणी कुठून आलं यावर दोन दिवस वाद चालतो. शेवटी निथळणारं ऑइल मलमलीच्या फडक्यातून गाळा.

ड्रेन नटाला चुंबक असेल तर तो बघा. त्यावर बोटाला लोण्यासारखी लागणारी करडी पेस्ट थोडीशी असणं नेहमीचंच आहे. टोचणारे काटे किंवा नखाने उचलता येणारे तुकडे मात्र नेहमीचे नाहीत.

फिल्टर कापणे, हेच खरं काम

टबातल्या चमकीवरून फारसं कळत नाही. ऊन पडलं की अगदी बारीक कणही भयंकर दिसतात. इंजिनाने गेल्या काही हजार किलोमीटरमध्ये जे काही टाकलं, ते फिल्टरच्या कागदात अडकलेलं असतं. म्हणून जुना फिल्टर भंगारात टाकू देऊ नका, मिस्त्रीने आधीच टाकला असेल तर शोधून आणा.

हॅकसॉ किंवा ग्राइंडर लावू नका. त्याचा कीस आत पडतो आणि आपणच लोखंड सापडल्याची बोंब मारतो. फिल्टर कापायचा गोल कटर मिळतो, डबा उघडायच्या ओपनरसारखा तो कडेने फिरतो. तो नसेल तर पत्र्याच्या कात्रीने सावकाश कापा. ज्या गाडीत डब्याऐवजी नुसतं कार्ट्रिज असतं, तिथे हा प्रश्नच नाही.

आतली कागदाची घडी धारदार सुरीने वरून आणि खालून सोडवा. ऑइल बाहेरून आत जातं, म्हणून घाण घड्यांच्या बाहेरच्या अंगाला असते. ही पट्टी दोन फळ्यांच्या मध्ये धरून व्हाइसमध्ये दाबा, ऑइल निथळू द्या आणि मग उन्हात पसरा. आता घाई न करता एकेक घडी उघडून बघा. इथे दहा मिनिटं घालवलेली परवडतात. नंतर पट्टी स्टीलच्या वाडग्यात स्वच्छ डिझेलमध्ये खळबळून घ्या आणि ते डिझेल कॉफी गाळायच्या कागदातून गाळा. कागदावर जे उरेल तो तुमचा पुरावा.

कोणता धातू?

चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कणांवरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेले कण आपोआप वेगळे होतात. जे चिकटलं ते लोखंड किंवा पोलाद: लायनर, रिंगा, कॅमशाफ्ट आणि टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा आणि त्याचे ठोकळे), गिअर, ऑइल पंप. बारीक पूड असेल तर ती सावकाश झालेली झीज. चपटे, धारदार तुकडे असतील तर कॅमचा किंवा टॅपेटचा पृष्ठभाग सुटतोय, किंवा गिअरचा दात तुटलाय. अशा वेळी टॅपेट कव्हर काढून कॅम बघणं हे चेंबर उतरवण्यापेक्षा सोपं, म्हणून ते आधी.

जे चिकटलं नाही त्याचा रंग बघा. तांबूस किंवा सोनेरी म्हणजे तांबं, पितळ किंवा ब्राँझ. ते कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) वरच्या बुशचं, रॉकर बुशचं, टर्बोच्या बेअरिंगचं किंवा थ्रस्ट वॉशरचं असू शकतं. नाहीतर क्रँकच्या मोठ्या बेअरिंगचा आतला थर उघडा पडलाय. ट्रकच्या क्रँकच्या बेअरिंगला पारंपरिक पद्धतीत तीन थर असतात: पाठीला पोलाद, मधे तांबं-शिसं आणि वर शिसं-कथलाचा पातळ मऊ थर. वरचा थर गेल्याशिवाय तांबं दिसत नाही. त्यामुळे सोनेरी चमकी आणि करडी मऊ चमकी एकत्र आली, तर बेअरिंगचं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

रुपेरी आणि चुंबकाला न चिकटणाऱ्या कणांवर खरी पंचाईत होते. ते शिसं-कथील आहेत की अ‍ॅल्युमिनियम? पत्र्यावर ठेवून सोल्डरिंग आयर्नचं टोक लावा. शिसं-कथील लगेच वितळून थेंब होतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे त्याला काही होत नाही. दुसरी चाचणी कॉस्टिक सोड्याची. कण पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा, काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडा सोडा टाका (सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही) आणि त्यात कण सोडा. बुडबुडे फसफसले तर अ‍ॅल्युमिनियम. निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून चाचणी उघड्यावर करा, हातमोजे आणि चष्मा घाला आणि विडी ओढणाऱ्याला लांब पाठवा.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे साधारणपणे पिस्टन. पण नव्या इंजिनांत अ‍ॅल्युमिनियम-कथलाची बेअरिंगंही असतात, तेव्हा आपल्या इंजिनात कोणती आहेत हे पार्टच्या दुकानात विचारून मगच निष्कर्ष काढा.

घाबरण्याआधी

काळे कण बोटांत चिरडले तर कार्बन. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलमध्ये बारीक चमकी येणं साहजिक आहे. कुरळी तार दिसली तर लेथवरच्या कामाचा राहिलेला कीस, म्हणजे बांधताना धुलाई नीट झाली नाही. चेंबरच्या सांध्याला लावलेल्या सिलिकॉन पेस्टच्या गोळ्याही सापडतात. त्या जाळीत अडकण्याइतक्या असतील तर चेंबर काढावाच लागेल.

गाडी काय सांगते

फक्त कणांवर निकाल देऊ नये. चालकाला विचारा: गरम झाल्यावर आयडलला प्रेशर आधीपेक्षा खाली जातं का? डॅशबोर्डवरच्या काट्यावर माझा भरवसा नाही. सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावा. प्रत्येक हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय असा जुना अंदाज आहे, पण खरा आकडा कंपनीच्या पुस्तकातला. सोनेरी चमकी आणि पडलेलं प्रेशर एकत्र असेल तर वाद संपला, चेंबर उतरवा. मात्र गेजसाठी इंजिन चालवावं लागतं. कण मोठे असतील तर ही पायरी गाळा.

चढावर भार घेताना खालून ठोक्याचा जड आवाज येत असेल तर बिग-एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या बेअरिंगचा) संशय घ्या. जुन्या यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला करून सिलिंडर बंद पाडतात आणि ठोका कुठे कमी होतो ते ऐकतात. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे अजिबात करायचं नाही. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडीतून आत शिरते. २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाच्या) गाड्या तर झाल्याच, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्या कॉमन रेलच्या आहेत. तिथे स्कॅनरने सिलिंडर बंद करता येतो.

टर्बोचा हवेचा पाइप काढून दांडा हलवून बघा. चक्राच्या पात्या घराला घासल्याच्या खुणा असतील तर चमकीचा मालक बहुधा तिथेच सापडला.

ऑइलचा थेंब गरम तव्यावर टाका. तडतडला तर पाणी आहे. रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये जात असेल तर बेअरिंग हा परिणाम आहे, रोग नव्हे. आधी हेड गॅस्केट, लायनरची सीलं आणि ऑइल कूलर बघा. डिपस्टिकवर पातळी वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय, तर ऑइल पातळ होऊन बेअरिंगं उघडी पडलीत.

आणि एअर फिल्टर. खाणीच्या रस्त्यावर तो आपटून साफ करायची सवय सगळ्यांना आहे. आपटल्याने कागद फाटतो, आणि क्लॅम्प ढिला राहिला तर तांबडी धूळ सरळ लायनरवर जाते. फिल्टरनंतरच्या पाइपात आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर लायनर-रिंगांच्या झिजेचं कारण सापडलं.

चेंबर उतरवल्यावर

बेअरिंगच्या कॅप (बेअरिंग धरून ठेवणारी अर्धगोल झाकणं) काढण्याआधी क्रमांक आणि दिशा खुणेने नोंदवा, कॅप अदलाबदल झाल्या तर नव्या बेअरिंगांचाही उपयोग नाही. बेअरिंग दोन अर्धगोल शेलांचं असतं. कनेक्टिंग रॉडचा वरचा अर्धा शेल जास्त झिजतो आणि मेन बेअरिंगचा (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे बसतो त्याचा) खालचा, कारण स्फोटाचा दाब तिथे येतो. म्हणून रॉडची फक्त खालची कॅप बघून "बेअरिंग चांगलं आहे" म्हणू नये, वरचा शेलही सरकवून काढा. क्रँकवर नख फिरवून अडकलं तर ग्राइंडिंग. नख अडकलं नाही, तरी मायक्रोमीटरने माप घ्यायला लावा.

प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा

ऑइलचा नमुना तपासून धातूंचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मिळतं. पण नेहमीचं स्पेक्ट्रोमीटर साधारण पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट मोजत नाही. डोळ्यांना दिसणारी चमकी त्याहून मोठी असते. म्हणजे फिल्टर कणांनी भरलेला असतानाही अहवाल 'ठीक' येऊ शकतो. त्या अहवालावर विसंबून फिल्टर न कापणं हा उलटा कारभार झाला.

गोव्यात आणखी एक गोम आहे. इथली जांभ्याची आणि खनिजाची माती स्वतःच लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेली. अहवालात लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन (वाळू-धुळीतलं मूलद्रव्य) तिन्ही वर गेलेले दिसले, तर पिस्टन झिजला असं लगेच म्हणू नका. ती धूळही असू शकते. क्रोमियम बघा, ते रिंगांवरून येतं. शिसं, कथील आणि तांबं बघा, ती बेअरिंग-बुशची. हे मातीत जवळपास नसतात. तांबं एकटंच वर असेल आणि फिल्टरमध्ये सोनेरी कण नसतील, तर बहुधा ऑइल कूलर, घाबरायचं कारण नाही.

दुरुस्तीनंतर

बेअरिंग गेलं असेल तर ऑइल कूलर धुऊन भागत नाही, तो बदला. आतल्या अरुंद वाटांत कण अडकून राहतात आणि नव्या बेअरिंगांवर येतात. टर्बोचा ऑइल पाइप, पिस्टनखालचे ऑइलचे नोझल आणि ब्लॉकच्या नळ्या प्लग काढून धुवून घ्या. हे काम मिस्त्रीला कंटाळवाणं वाटतं, म्हणून समोर उभं राहून करून घ्या.

जळकं ऑइल गटारात किंवा कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) ओतू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे, परवानाधारक घेणाऱ्याकडेच द्या. दुरुस्त केलेलं इंजिन पाचशे किलोमीटर चाललं की पहिला फिल्टर काढून पुन्हा कापा. कागदाची पट्टी वाळवून पिशवीत घाला, वर तारीख आणि किलोमीटर लिहा आणि गाडीच्या बिलांच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या ऑइल बदलाला दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघता येतील.