डेव्हलपमेंटच्या मास्टर्सला अर्ज करताय? या चुका टाळा

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की विचारणा सुरू होते: ‘इंटरनॅशनल डेव्हलपमेंटमध्ये मास्टर्स करायचंय, एसओपी जरा बघून द्याल?’ मुदत तोवर आठ-दहा दिवसांवर आलेली असते. आणि एसओपीतलं, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रातलं, पहिलं वाक्य दरवर्षी तेच: ‘लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी करण्याची ओढ होती.’

हे वाक्य खोडा. त्याखालचा, २०१५च्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांवरचा परिच्छेदही खोडा. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकांना ती पाठ असतात. एखाद्या प्रश्नात कोणाचे हितसंबंध अडकलेत हे तुम्हाला ओळखता येतं का, एवढंच ते बघतात.

गोव्यात तिसवाडीतल्या एका मुलाने हवामानबदल आणि शेतकऱ्यांची असुरक्षितता यावर दोन पानं भरली होती. घरची खाजन शेती (नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) आहे, हे शेवटच्या ओळीत. खोदून विचारल्यावर खरा मजकूर बाहेर आला. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, म्हणून नदीचं खारं पाणी शेतात शिरत नाही. पण मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला आत पाणी हवं, कारण त्याला मासळी हवी. कुळांना शेत कोरडं हवं. दारं कुजली, बांधाला भगदाड पडलं, कोरगुट भात लावणं थांबलं. दुरुस्ती कोमुनिदादीने (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) करायची की कूळ संघटनेने, यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. सामायिक संसाधनं, संस्था, सत्ता हे अभ्यासक्रमातले विषय त्याच्या घरामागेच होते आणि त्याने लिहिलं होतं जगाबद्दल! अर्ज पुन्हा लिहायला तीन आठवडे लागले. तेवढा वेळ हातात होता म्हणूनच तो जमला.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही आधी एका कागदावर चार रकाने पाडायला लावतो: राबतं कोण, पैसे देतं कोण, ठरवतं कोण, नुकसान कोणाचं. ते भरल्याशिवाय एसओपीला हात लावायचा नाही. चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या मजकुरात नेमके हेच चार रकाने रिकामे असतात.

नाव बघून कोर्स निवडणं ही दुसरी चूक. डेव्हलपमेंट स्टडीज आणि डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्याला इकोनोमेट्रिक्स (अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) लागतं, गणित सुटलेलं असेल तर पहिल्याच सत्रात दम निघतो. ससेक्सचं आयडीएस, हेगचं आयएसएस, लंडनचं एलएसई, मुंबईचं टिस, अशा प्रत्येक संस्थेची विषययादी उघडून वाचा आणि संशोधनपद्धतीचे पेपर कोणते ते बघा. रँकिंग नंतर.

शिफारसपत्र आमदारांकडून नको. ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांच्याकडून घ्या आणि सहा आठवडे आधी मागा.

चेव्हनिंगला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला, २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. पदवीचा सक्तीचा भाग असलेली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. तास भरत नसतील तर आणखी एक वर्ष काम करा, अर्ज पुढच्या वर्षी.

‘परत येऊन एनजीओ काढीन, परदेशी निधी आणीन’ असं लिहिणाऱ्यांनी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वाचलेला नसतो. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी आणि त्या काळात किमान १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय २०२५च्या जुलैत यूएसएडचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचं, कामकाज बंद झालं. करिअरचा आराखडा हे धरूनच लिहा.

पूर्वज पोर्तुगीज काळातल्या गोव्यात जन्मलेले म्हणून लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांनी आधी फीचा हिशेब करावा. सेटल्ड वा प्री-सेटल्ड दर्जा (ब्रेक्झिटआधीपासून ब्रिटनमध्ये असलेल्या युरोपीय नागरिकांचा राहण्याचा हक्क) नसेल तर इंग्लंडमध्ये २०२१पासून परदेशी विद्यार्थ्याचीच फी पडते, आणि भारतीय नागरिकांसाठीच्या शिष्यवृत्त्याही हातच्या जातात.

आता पैशांचं, कारण इथे हुशार मुलंही आपटतात. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो, आणि त्या काळाचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत असावा लागतो. डिचोलीच्या एका मुलीच्या वडिलांनी एकोणिसाव्या दिवशी ट्रॅक्टरचा हप्ता त्याच खात्यातून भरला. रक्कम एका दिवसापुरती, जेमतेम काही हजारांनी खाली गेली. व्हिसा नाकारला गेला. सरासरी बघत नाहीत, रोजची शिल्लक बघतात. शेअर आणि भविष्यनिर्वाह निधी चालत नाहीत. वेगळं खातं उघडा, गरजेपेक्षा दहा टक्के जास्त ठेवा, त्याचं एटीएम कार्ड कपाटात टाका आणि २८च्या जागी ३५ दिवस थांबा.

खातं आई-वडिलांचं असेल तर संमतिपत्र आणि नातं दाखवणारा जन्मदाखला लागतो. आपल्याकडे दाखल्यावर ‘प्रभुदेसाई’ एका शब्दात, पासपोर्टवर दोन शब्दांत आणि बँकेत नुसतं ‘देसाई’ असतं. हे जुळवायला पंचायत आणि बँक मिळून दोन महिने सहज खातात. त्यामुळे एसओपीच्याही आधी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा.