रायफलची झिजलेली नळी: पुन्हा घडवून घ्यावी की नवी बसवावी?

लांब अंतरावरच्या लक्ष्यवेधासाठी वापरली जाणारी बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल कितीही चांगली असली, तरी तिची नळी कधी ना कधी झिजतेच. अमेरिकेत 600 किंवा 1000 यार्डांवर नियमित नेमबाजी करणाऱ्याला दर काही हंगामांनी प्रश्न पडतो, की जुनी नळी मागच्या बाजूने थोडी कापून तिच्यात नव्याने चेंबर (काडतूस बसते ती पोकळी) काढून घ्यावा, की सरळ नवी नळी बसवावी. माझे मत आधीच सांगतो: बहुतेकांनी नवी नळी घ्यावी. तरीही काही नळ्या अशा असतात, की त्या मोडीत काढणे चूक ठरते, आणि त्या ओळखता येणे महत्त्वाचे आहे.

पहिले काम म्हणजे दोष खरोखर नळीचाच आहे याची खात्री करणे. रायफल रिकामी करून बोल्ट बाहेर काढा, दस्त्याचे स्क्रू आणि दुर्बिणीच्या कड्या घट्ट आहेत का ते तपासा, आतील तांब्याचा आणि काजळीचा थर पूर्ण काढा आणि मगच पुन्हा ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) मारून पाहा. नळीच्या तोंडाची कडाही भिंगाखाली नीट पाहा, कारण गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श तिलाच होतो. एम-1 गॅरँडसारख्या रायफली तोंडाकडूनच साफ कराव्या लागत असल्याने त्यांची ही कडा सफाईच्या गजाने झिजत असे. सोव्हिएत शस्त्रागारांनी मोसिन-नागांत रायफलींच्या अशाच नळ्या तोंडाशी आतून मोठ्या करून पुन्हा कामाला लावल्या होत्या. दोष एवढाच असेल, तर तोंड नव्याने कापून घेण्याचे काम लेथवर थोडक्यात होते आणि पुढचा सगळा खर्च टळतो.

खरी झीज होते ती चेंबरच्या लगेच पुढे, जिथे तापलेला वायू सर्वांत जास्त दाबाने पोलादावर आदळतो. बोअरस्कोपमधून (नळीच्या आत पाहण्याच्या बारीक दुर्बिणीतून) पाहिल्यास तिथे उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगांचे जाळे दिसते, आणि पिळाच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील सर्पिल खोबणींच्या) कंगोऱ्यांची धार सुरुवातीलाच बोथट झालेली असते. मात्र भेगा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नये, कारण अशा नळ्याही कित्येकदा उत्तम ग्रुप देत राहतात. त्यापेक्षा खात्रीचा पुरावा म्हणजे गोळी कंगोऱ्यांना टेकते त्या जागेचे माप: नळी नवी असताना हे माप वहीत लिहून ठेवले असेल, तर ते किती पुढे सरकले यावरून झिजेचा वेग कळतो. ढोबळमानाने .308 विंचेस्टर काडतुसाची नळी 5000 किंवा त्याहून अधिक गोळ्या अचूक राहते, 6.5 क्रीडमूरची 2500 ते 3000, आणि .243 विंचेस्टरसारख्या तापट काडतुसांची त्याहूनही कमी.

आता हिशोब. नळी मागे घ्यायची म्हणजे ती अ‍ॅक्शनमधून (बोल्ट बसतो त्या रायफलच्या मुख्य भागातून) सोडवायची, मागचा साधारण इंचभर भाग कापायचा, नवे आटे पाडायचे, रीमरने (छिद्र नेमक्या आकाराचे करणाऱ्या हत्याराने) नवा चेंबर काढायचा आणि हेडस्पेस (बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांमधले अंतर) जुळवायची. नवी नळी बसवतानाही लेथवर जवळजवळ हेच सारे करावे लागते, त्यामुळे मजुरीत फारसा फरक पडत नाही आणि वाचते ती फक्त कोऱ्या नळीची किंमत. शिवाय भेगा काही इंच पुढेपर्यंत गेलेल्या असतात. इंचभर कापल्याने सर्वांत वाईट भाग जातो, पण नव्या चेंबरपुढे पुन्हा तापाने पोळलेले पोलादच येते. म्हणून मागे घेतलेल्या नळीचे उरलेले आयुष्य नव्या नळीच्या निम्मेही धरू नये. प्रत्येक गोळीमागे पडणारा नळीचा खर्च काढून पाहिला, की नव्या नळीचे पारडे बहुधा जड होते.

पुनर्घडणीला योग्य नळी कोणती? जाड, स्पर्धेसाठी बनवलेली, मागचा भाग बरेच अंतर सरळ दंडगोलाकार असलेली, मुळापासून विलक्षण अचूक ठरलेली, आणि झीज वेळीच लक्षात आल्यामुळे पुरती संपून न गेलेली. सरळ भाग आखूड असेल, तर कापल्यानंतर खांद्याचा (नळी अ‍ॅक्शनला टेकते त्या कडेचा) व्यास अपुरा पडतो आणि दस्त्याच्या खोबणीत नको तेवढी फट राहते. लोखंडी साइट असलेल्या रायफलीत आणखी एक बारकावा आहे: रेमिंग्टन 700 ला इंचाला 16 आटे असतात, म्हणून नळी 1/16 इंचाच्या पटीतच, म्हणजे आट्यांच्या पूर्ण फेऱ्यांत, मागे घेतली, तरच साइट पुन्हा बरोबर वर येते. .308 मध्ये लांबी इंचभर कमी झाल्याने वेग साधारण 20 ते 25 फूट प्रतिसेकंद घटतो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

काही नळ्यांच्या बाबतीत हा विचारच करू नये. आतून क्रोमचा मुलामा असलेली नळी, गॅसचे छिद्र ठरावीक जागी असलेली अर्धस्वयंचलित रायफलची नळी, किंवा जिचा पीळच तुमच्या गोळीला पुरत नाही अशी नळी मागे घेऊन काही साधत नाही. 12 इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या .223 मधून 77 ग्रेन वजनाची लांब गोळी स्थिर जाणार नाही, चेंबर कितीही नवा असो. जुन्या, जिव्हाळ्याच्या शिकारी रायफलीसाठी मात्र तिसरा मार्ग आहे: नळी आतून मोठी करून नवा पीळ पाडणे. .30-06 काडतुसाच्या रायफलीची .35 व्हेलेन काडतुसाची रायफल याच मार्गाने होते आणि रायफलचे रूप तसेच राहते.

काम कोणाकडेही दिले, तरी हेडस्पेस गेजने तपासून घ्या. .308 चे ‘गो’ गेज 1.630 इंचाचे आणि ‘नो-गो’ 1.634 इंचाचे असते. बोल्ट पहिल्यावर अडथळ्याविना बंद झाला पाहिजे आणि दुसऱ्यावर बंद होता कामा नये. हा फरक इंचाच्या चार सहस्रांशांचा आहे, म्हणून हे काम घरी करण्याचे नाही. सॅव्हेज 110 सारख्या, नटाने नळी आवळल्या जाणाऱ्या रायफलीला तयार चेंबरची नळी मिळते आणि लेथचा खर्च वाचतो, पण गेज तिथेही लागतेच.

महाराष्ट्रातील 50 मीटर रायफलच्या नेमबाजांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. स्वप्नील कुसाळे याने 2024 मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .22 ची शिशाची, कमी दाबाची गोळी वापरतात आणि नळीची झीज फार सावकाश होते. तिथे ग्रुप बिघडला, तर आधी सफाई करावी आणि वेगवेगळ्या लॉटची काडतुसे लावून पाहावीत.

कायद्याकडेही लक्ष हवे. अमेरिकेत रायफलची नळी 16 इंचांपेक्षा आखूड झाली, तर संघीय कायद्याने ते वेगळ्या नोंदणीचे शस्त्र ठरते. ब्रिटनमध्ये चेंबर बदललेली नळी विकण्यापूर्वी प्रूफ हाउसमधून (बंदुकांची दाबचाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थेतून) पुन्हा तपासून घ्यावी लागते. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती आणि बदल परवानाधारकच करू शकतो, त्यामुळे नळी कारागिराच्या हाती देण्यापूर्वी त्याचा परवाना पाहा.