बाजारातल्या चुलीवर खानदेशी भरीत

शेतकरी बाजारात लोकांसमोर भरीत करताना मी वांगी तिथेच निवडायला लावते. फिकट हिरवी, मोठी, आकाराच्या मानाने हलकी घ्या. जड वांग्यात बिया फार. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते त्याला शोभतंच!

वांग्याला तेल लावा, टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, मिळाल्या तर उत्तम, नसल्यास निखारे. फिरवत राहा. देठाजवळ दाबून पाहा, तिथलं शेवटी शिजतं. झाकून ठेवा, मग साल काढा. पाण्याखाली मात्र अजिबात धरू नका, धुराची चव जाते. भाजलेली मिरची, लसूण घालून लाकडी उखळीत ठेचा. तेलात शेंगदाणे, कांद्याची पात परतून मिसळा. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी.