मिशनरी प्रशिक्षणासाठी रोमला जाताना: पहिल्या वर्षाच्या दैनंदिन जीवनाविषयी मार्गदर्शन

वसईपासून कोर्लईपर्यंतच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांतून (चर्चच्या स्थानिक विभागांतून) धर्मसंघात, म्हणजे व्रतस्थ धर्मबंधू-भगिनींच्या संस्थेत, दाखल झालेले काही तरुण-तरुणी पुढील शिक्षणासाठी रोमला पाठवले जातात. त्या वेळी तेथील अभ्यासक्रमाची माहिती त्यांना बऱ्यापैकी दिली जाते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचे जगणे कसे असेल, हे मात्र क्वचितच कोणी सविस्तर सांगते. पहिल्या वर्षी मिशनरीने मुख्यतः ऐकायला शिकायचे असते आणि कागदपत्रे, जेवण, दिनक्रम यांची व्यवस्था अशी लावावी की त्या ऐकण्यासाठी मन मोकळे राहील, असे माझे ठाम मत आहे. पुढील सूचना त्याच हेतूने केल्या आहेत.

तयारीची सुरुवात स्वतःच्या नावापासून करावी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर मध्ये वडिलांचे नाव आणि आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळे, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. इटलीत प्रत्येक रहिवाशाला ‘कोदिचे फिस्काले’ हा १६ अक्षर-अंकांचा करओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्यातील पहिली तीन अक्षरे आडनावातून आणि पुढची तीन नावातून घेतली जातात. त्यानंतर जन्मवर्षाचे दोन अंक, महिन्याचे एक अक्षर आणि जन्मतारीख येते. स्त्रियांच्या बाबतीत तारखेत ४० मिळवतात, म्हणजे ७ तारखेला जन्मलेल्या सिस्टरच्या क्रमांकात ४७ दिसते. शेवटी जन्मस्थानाचा संकेत (भारतासाठी झेड २२२) आणि पडताळणीचे एक अक्षर असते. मोबाईलचे सिमकार्ड, बँक, डॉक्टर अशा सर्व ठिकाणी हाच क्रमांक मागितला जात असल्यामुळे नावातील एका अक्षराचा फरकही पुढे महिनोन्‌महिने त्रास देतो. तेव्हा नावाची दुरुस्ती इथेच, पासपोर्टपासून सुरू करून पूर्ण करावी आणि मगच जन्मदाखला व शैक्षणिक प्रमाणपत्रे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपॉस्टिल शिक्क्यासाठी (परदेशात कागद ग्राह्य ठरवणाऱ्या प्रमाणीकरणासाठी) द्यावीत. हा क्रम उलटा केल्यास शिक्का मारलेले कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात.

रोमला पोहोचल्यानंतर ८ कामकाजाच्या दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी, म्हणजे ‘पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो’साठी, अर्ज करणे बंधनकारक आहे. अर्जाचा पिवळ्या पट्टीचा लिफाफा टपाल कार्यालयात मोफत मिळतो. तो भरून, १६ युरोचे मुद्रांक लावून, पासपोर्टच्या प्रत्येक वापरलेल्या पानाच्या छायाप्रतीसह तेथेच द्यावा. लिफाफा मात्र बंद न करता न्यावा, कारण कर्मचारी आतील कागद तपासतात. मिळालेली पावती पासपोर्टइतकीच जपावी. बोटांचे ठसे देण्यासाठी पोलीस मुख्यालयात बोलावतात, ती तारीख पावतीसोबत दिली जाते. त्या दिवशी व्याख्यान असो वा परीक्षा, हजर राहावेच.

सामानाविषयी घरची मंडळी, विशेषतः आई आणि मावशी, सर्वांत जास्त आग्रही असतात, म्हणून नियम आधीच सांगून ठेवावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे सॉसेज, साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. हापूस आंब्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. सुके मासे वैयक्तिक वापरापुरते नेता येतात, परंतु सुका बोंबील सामायिक स्वयंपाकघरात भाजण्यापूर्वी रोममधील धर्मसंघाच्या घरातील इतरांचा विचार करावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात घेऊ देत नाहीत, कारण त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते. निर्धास्तपणे न्यावा तो उन्हाळ्यात कुटून भरलेला आपला मसाला. तो काचेच्या बाटलीतून न नेता दुहेरी प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून न्यावा आणि तेथे पोहोचल्यावर गडद रंगाच्या बाटलीत दाबून भरावा, म्हणजे रंग आणि वास टिकतो. आगाशीकडची सुकेळीही टिकतात आणि पहिल्या भेटीत घरातील सर्वांना वाटायला उत्तम. तांदूळ, डाळी, हळद, कढीपत्ता यांसाठी जागा अडवू नये. रोमच्या तेर्मिनी रेल्वे स्थानकाजवळच्या एस्क्विलिनो बाजारात आणि आसपासच्या बांगलादेशी दुकानांत ते सर्व मिळते.

जेवणाची सवय लागण्यास मात्र वेळ लागतो. दुपारी एकच्या सुमारास मुख्य जेवण असते. आधी पास्ता किंवा भात, मग मासे अथवा मांस आणि भाजी, असे पदार्थ एकामागून एक येतात. सर्व एकत्र कालवून खाण्याची आपली सवय तेथे बाजूला ठेवावी लागते. पहिले काही आठवडे समोर येईल ते थोडे का होईना, पण खावे. ज्या लोकांमध्ये पुढे सेवा करायची आहे, त्यांच्या ताटातले नाकारून मैत्री होत नाही. घरातील स्वयंपाकाची पाळी आपल्यावर आली की एखाद्या रविवारी नारळाच्या दुधातली माशांची आमटी जरूर करावी, तिखट निम्मे घालून.

धर्मसंघाच्या घरात दिवस लवकर सुरू होतो. सकाळची प्रार्थना, मनन आणि मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) आटोपून न्याहारी, त्यानंतर विद्यापीठ. यानिकुलुम टेकडीवरील उर्बानियाना (स्थापना १६२७) असो वा येशूसंघीयांचे (जेझुइटांचे) ग्रेगोरियन (स्थापना १५५१), बहुतेक व्याख्याने सकाळच्या सत्रात आणि इटालियन भाषेत होतात. दुपारच्या जेवणानंतर घरात शांतता पाळली जाते. त्या वेळेत मोठ्याने बोलणे किंवा कपडे धुण्याचे यंत्र लावणे अशिष्ट समजले जाते. संध्याकाळी अभ्यास, सायंप्रार्थना, जेवण आणि सहभोजनानंतरच्या गप्पा. या गप्पा टाळून खोलीत जाण्याचा मोह दमलेल्या विद्यार्थ्याला फार होतो. तो आवरावा, कारण वर्गात न शिकवली जाणारी भाषा तेथेच कानावर पडते.

भाषा हा या प्रशिक्षणाचा कणा आहे आणि याबाबतीत आपल्यासमोर आपल्याच मातीतले उदाहरण आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू नव्हते. त्यांनी जपानमध्ये राहून तेथील भाषा इतकी आत्मसात केली होती की फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या बंधूंनी १५९३ मध्ये मनिलाहून जपानला जाताना दुभाषा म्हणून त्यांनाच सोबत नेले. १५९७ मध्ये नागासाकी येथे ते हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. उलट दिशेने पाहिले, तर १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध पुराण रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे सुमारे ३७ वर्षे ते येथील लोकांचे बोलणे ऐकत होते. आजच्या विद्यार्थ्याला एवढा अवधी मिळत नाही, म्हणून पद्धत नेटकी हवी. शक्य झाल्यास ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वीचा उन्हाळा पेरुजा येथील परदेशी विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात भाषेसाठी द्यावा. रोज दुसऱ्या दिवशीच्या मिस्साचे शुभवर्तमान (बायबलमधील येशूचरित्राचा उतारा) प्रथम मराठीत वाचावे आणि मग इटालियनमध्ये मोठ्याने वाचावे. आशय ओळखीचा असल्यामुळे वाक्यरचना आपोआप लक्षात राहते. परीक्षा बहुतांशी तोंडी असतात, त्यामुळे टिपणे पाठ करण्यापेक्षा एखादा मुद्दा पाच मिनिटे बोलून दाखवण्याचा सराव कोणा इटालियन सोबत्यापुढे करावा आणि चूक लगेच सुधारण्याची त्याला विनंती करावी.

घरी फोन करण्याची वेळ ठरवून घ्यावी. हिवाळ्यात भारत इटलीपेक्षा साडेचार तास पुढे असतो, तर मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. वसईत रात्री आठला घरची मंडळी रोजरीला बसतात, तेव्हा रोममध्ये दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. आठवड्यातून एकदा त्या प्रार्थनेत फोनवरून सहभागी होणे दोन्हीकडच्या माणसांना धीर देते. दररोज तासभर व्हिडिओ कॉल केल्यास मात्र शरीर रोममध्ये आणि मन गावच्या ओटीवर, अशी ओढाताण होते. पहिल्या नाताळाच्या आसपास घरची आठवण असह्य होणे अगदी स्वाभाविक आहे. ते मनात न दडपता आध्यात्मिक मार्गदर्शकाशी स्पष्ट बोलावे. अशा बोलण्याने कोणाच्या पाचारणाविषयी (देवाच्या बोलावण्याविषयी) शंका घेतली जात नाही.

शनिवार-रविवारी एखाद्या धर्मग्रामात किंवा गरिबांच्या भोजनालयात सेवा दिली जाते. १९६८ मध्ये रोममध्येच सुरू झालेल्या सांत एजिदिओ समुदायाची अशी भोजनसेवा आहे आणि कारितास या चर्चच्या मदतसंस्थेचीही तेर्मिनीजवळ आहे. तेथे ताट वाढताना समोरच्या माणसाला नाव विचारावे आणि पुढच्या खेपेस ते लक्षात ठेवावे. तेर्मिनीहून संत पेत्राच्या महामंदिराकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे. मूळ पासपोर्ट खोलीत ठेवून छायाप्रत जवळ बाळगावी. जाड कोट इथून नेऊ नये, जानेवारीतील सवलतीच्या विक्रीत तो तेथे स्वस्त मिळतो. तोपर्यंत दोन स्वेटर आणि कोणा जुन्या विद्यार्थ्याचे जॅकेट पुरते.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी येण्याची परवानगी मिळाली आणि निवास परवान्याचे कार्ड अजून हाती आले नसले, तर केवळ पावतीवर शेंगेन क्षेत्रातील (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांतील) दुसऱ्या देशातून विमान बदलू नये. थेट विमान किंवा आखाती देशांतून जाणारे तिकीट घ्यावे आणि मूळ पावती, पासपोर्ट व प्रवेशपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे. कार्ड मिळाले असल्यास त्यावरील मुदतीची तारीख पाहून, ती संपण्याच्या ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येईल अशा बेताने परतीचा दिवस ठरवावा.