काचेच्या पेटीत म्युऑनची रेघ: नागपूरच्या थंडीत क्लाउड चेंबर

अकरावीच्या वर्गात न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाचं नाव निघालं की एक तरी पोरगी विचारतेच, "मॅडम, तो दिसतो का?" न्यूट्रिनो दिसत नाही. त्याला विद्युतभारच नाही, म्हणून वाटेत तो काहीच खूण ठेवत नाही. पण वर हवेत, साधारण पंधरा किलोमीटरवर, अवकाशातून आलेले कण आदळून पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. पायॉन फुटला की न्यूट्रिनो आणि म्युऑन ही जोडी एकाच क्षणी जन्मते. यातल्या म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची, रेघ आपल्या टेबलावर, साध्या डोळ्यांनी बघता येते. धरमपेठेतल्या माझ्या घरी मी दर थंडीत पोरांना घेऊन क्लाउड चेंबर, म्हणजे कणांच्या रेघा दाखवणारी वाफेची पेटी, करते. कसं करायचं ते नीट लिहून ठेवते आहे.

आधी वेळ ठरवा: दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाला टेकतो, ड्राय आइस (घन कार्बन डायऑक्साइड) घरी येईपर्यंत अर्धा उडून जातो आणि कूलर बंद करून खोलीत बसणं पोरांना सोसत नाही. शिवाय या प्रयोगातलं अल्कोहोल उन्हाळ्यात फार लवकर पेट घेऊ शकतं. थंडीतही खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको.

सामान असं: साधारण 30 बाय 20 सेंटिमीटरची माशांची काचेची पेटी, तेवढ्याच मापाचा तीन मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा (मी इतवारीतून कापून आणला), जाड फेल्टची पट्टी, चार-सहा छोटे चुंबक, काळी इन्सुलेशन टेप, मुलांची खेळायची क्ले, एक चांगली एलईडी टॉर्च आणि चार किलो ड्राय आइस. ड्राय आइस थर्मोकोलच्या डब्यात आणा. मी पहिल्यांदा दोन किलो मागितला तेव्हा दुकानदार म्हणाले, "मॅडम, दोन किलोनं काय होते? आतापासूनच उडून राहिला तो." त्यांचं खरं निघालं. गाडीत आणताना काचा उघड्या ठेवा, आणि डब्याचं झाकण कधीही घट्ट लावू नका. घन कार्बन डायऑक्साइडचा वायू होतो तेव्हा बंद डबा फुटतो.

आता अल्कोहोल. इथे तडजोड चालत नाही. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच हवं, औषधाच्या दुकानातलं 70 टक्केवालं नको. पहिल्या वर्षी मी तेच वापरलं. बारा पोरं तासभर अंधारात बसली आणि नुसतं मळकट धुकं दिसलं. त्यांना तसंच घरी पाठवावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पत्र्याच्या एका बाजूला काळी टेप सलग चिकटवा, कुठे सुरकुती नको. फेल्ट पेटीच्या तळाला आतून चुंबकांनी धरा: एक चुंबक आत, एक बाहेर. गोंद लावू नका, अल्कोहोलनं तो सुटतो. फेल्ट निथळणार नाही इतपत भिजवा, पेटी उलटी करून पत्र्याच्या टेपवाल्या बाजूवर ठेवा आणि कडेनं क्ले दाबून सगळ्या फटी बुजवा. ड्राय आइस जाड टॉवेलात गुंडाळून हातोडीनं बारीक करा, पसरट ट्रेमध्ये सपाट पसरा आणि पत्रा त्यावर असा बसवा की सगळीकडे टेकेल. हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. उणे 78 अंश म्हणजे कातडी भाजल्यासारखी होते. खिडकी थोडी उघडी ठेवा, पंखा बंद करा आणि लहान मुलांना जमिनीवर बसू देऊ नका, कारण हा वायू जड असतो, खाली साचतो.

दिवे घालवा, टॉर्च आडवी, पत्र्याच्या अगदी लगत धरा आणि पंधरा मिनिटं थांबा. आधी बारीक भुरभुर दिसेल, पावसाळी सकाळी फुटाळा तलावावर असते तशी. वरून उतरणारी अल्कोहोलची वाफ पत्र्याजवळ इतकी गार होते की थेंब व्हायला तिला निमित्त हवं असतं. भारित कण गेला की वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडतात आणि त्या आयनांवर थेंब जमतात. नागपूरवरून उंचावरून विमान जातं तेव्हा विमान दिसत नाही, पांढरी रेघ दिसते. अगदी तसंच.

जाड, तीन-चार सेंटिमीटरची आखूड रेघ म्हणजे हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूतून निघालेला अल्फा कण. बारीक, वेडीवाकडी रेघ इलेक्ट्रॉनची. बारीक, सरळसोट, सुरीनं ओढल्यासारखी रेघ दिसली की श्वास रोखा: तो बहुधा म्युऑन.

इथे पोरांना वही काढायला सांगा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. आपल्या पत्र्याचं क्षेत्रफळ 600 चौरस सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला दहा. मग लांब रेघा इतक्या कमी का? कारण रेघ उमटवणारा थर जेमतेम एक सेंटिमीटर जाड असतो. सरळ वरून आलेला म्युऑन त्यात नुसता ठिपका टाकून जातो. दहा सेंटिमीटरची रेघ हवी तर कण जमिनीशी फक्त सहा अंशांनी कललेला यायला हवा, आणि तसे आडवे म्युऑन फार थोडे, कारण त्यांना हवेचा फार लांब पल्ला कापावा लागतो. एका रात्री माझ्या विद्यार्थिनीनं तासाभरात पंचवीस लांब रेघा टिपल्या, प्रत्येकीची लांबी पट्टीनं मोजून.

ही गोष्ट हाताला लागली की कोलारचा प्रयोग आपोआप उमगतो. 1965 मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानी आणि ब्रिटिश संशोधकांसोबत वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. त्यांनी सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारे फलक, जमिनीवर पसरले नाहीत, भिंतीसारखे उभे केले. तिथे वरून काही म्युऑन पोचत होते, पण आडव्या दिशेनं इतका खडक की कुठलाच म्युऑन तो ओलांडू शकत नाही. म्हणून आडवा म्युऑन सापडला तर तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनोनं घडवलेला. जे आपल्या पेटीत दुर्मीळ, तेच तिथे पुरावा झालं.

न्यूट्रिनो स्वतः धडकतो तेव्हा काय दिसतं तेही सांगते. 13 नोव्हेंबर 1970 ला अमेरिकेतल्या आर्गोन (Argonne) प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या बबल चेंबरमध्ये, म्हणजे कणाच्या वाटेवर बुडबुडे उमटवणाऱ्या पेटीत, एक फोटो निघाला: मधोमध एका बिंदूतून अचानक तीन रेघा फुटलेल्या, प्रोटॉन, म्युऑन आणि पायॉनच्या. त्या बिंदूपर्यंत येणारी रेघच नाही. आपल्या पेटीत मधूनच सुरू झालेली रेघ दिसली तर मात्र न्यूट्रिनो म्हणू नका. कण थराच्या वरून आत शिरला की रेघ तिथूनच सुरू होते, आणि हवेतला रेडॉन थराच्या आतच फुटला तरी तसंच दिसतं. हे पोरांनी स्वतः भांडून ठरवावं, मी मध्ये बोलत नाही.

रेघा पुसट व्हायला लागल्या तर फेल्टवर थोडं अल्कोहोल टाका, ड्राय आइस पत्र्याखाली पुन्हा दाबा. दोनेक तास सहज निघतात. उरलेला ड्राय आइस बेसिनमध्ये टाकू नका, गच्चीवर उघड्या ट्रेमध्ये ठेवा, सकाळपर्यंत काही उरत नाही. फेल्ट बाहेर वाऱ्यावर वाळवा आणि वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान लिहूनच पेटी आवरा.